पाणी घरीच ठेवून निघा

मे महिन्यात छत्रपती संभाजीनगरात सकाळी नऊला गच्चीवर वाळत टाकलेली चादर दहा-साडेदहाला घडी घालायला तयार असते. तीच चादर श्रावणात दोन दिवस खोलीत टांगून ठेवली तरी तिच्या कडा दमट राहतात आणि तिला कुबट वास धरतो. उन्हाळ्याच्या सुटीत युरोपला निघालेल्या माणसानं बॅग काढण्याआधी या चादरीकडे बघावं. सहल पंधरा दिवसांची म्हणून पंधरा जोड, असा हिशेब आपल्याकडे घरोघर होतो आणि बॅग तेवीस किलोवर जाते. खरं तर किती कपडे न्यायचे हे दिवसांवरून ठरत नाही. रात्री धुतलेला कपडा सकाळपर्यंत वाळतो की नाही, यावर ठरतं. वाळत असेल तर तीन जोडांत महिनाही निघतो.

म्हणजे ओझ्याचा हिशेब मुळात पाण्याचा आहे. या शहराला पाण्याचं वजन शिकवावं लागत नाही. नळाला काही दिवसांआड पाणी येतं आणि उन्हाळ्यात टँकरच्या नळीखाली रांगा लागतात. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पंधरा किलो, हे इथल्या बायकांच्या कमरेला ठाऊक आहे. इथल्या पाणचक्कीचं जातंसुद्धा वरून पडणाऱ्या पाण्याच्या जोरावरच फिरायचं. हंडा डोक्यावर घेण्यामागे शरीरशास्त्रही आहे. केनियातल्या लुओ बायका स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंतचं ओझं डोक्यावर घेऊन चालतात, तेव्हा त्यांच्या शरीराला जास्तीची ऊर्जा जवळपास लागत नाही, असं १९८६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालं. ती सवय लहानपणापासूनची आणि ओझं शरीराच्या मधल्या रेषेवर. एका हातानं बॅग ओढत व्हेनिसच्या चारशेहून जास्त पुलांपैकी दहा-बारा पायऱ्यापायऱ्यांनी चढणाऱ्या प्रवाशाला त्यातलं काहीच मिळत नाही. हमालही नसतो. आगगाडीच्या डब्यात बॅग आपणच चढवायची असते.

तेव्हा बॅगेतलं पाणी शोधायला लागू. शाम्पूच्या बाटलीत निम्म्याहून कितीतरी जास्त पाणीच असतं. बॉडीवॉश, लोशन, फेसवॉश यांचीही तीच गोष्ट. आपण चिकलठाण्याच्या विमानतळापासून पॅरिसपर्यंत पाणी वाहून नेतो आणि तिथल्या न्हाणीघरात, पाण्याच्या धारेखाली उभं राहून ते वापरतो. अंगाला लावायचा साबण वडीचा घ्यावा, केसांसाठी शाम्पूची वडी मिळते, दातांसाठी दंतमंजनाची छोटी डबी. केबिन बॅगेत द्रवपदार्थांच्या बाटल्या प्रत्येकी १०० मिलिलिटरपर्यंतच आणि सगळ्या मिळून एका लिटरच्या पारदर्शक पिशवीत मावतील एवढ्याच, हा नियम युरोपात नोव्हेंबर २००६ मध्ये आला आणि तिथल्या बऱ्याच विमानतळांवर तो अजून पाळावा लागतो. वडीला आणि मंजनाला तो लागूच होत नाही.

पिण्याचं पाणी तर मुळीच नेऊ नये. रिकामी बाटली तपासणीतून आत जाते. रोमच्या रस्त्यांवर अखंड वाहणारे दोन हजारांहून जास्त छोटे नळ आहेत, झुरिकमध्ये बाराशेच्या वर कारंजी आहेत आणि जिथं मनाई लिहिलेली नाही तिथं ते पाणी पिण्याजोगं असतं. आपल्या गावाहून गेलेल्या माणसाला रस्त्याकडेला असं रात्रंदिवस वाहणारं स्वच्छ पाणी बघून आधी तो नळ बंद करावासा वाटतो.

खाण्याचंही सूत्र हेच: ज्यातलं पाणी आधीच काढलेलं आहे ते न्या. पोहे, भाजलेली डाळ, मेतकूट, जवसाची आणि कारळाची चटणी हे सगळं कोरडं, हलकं आणि टिकाऊ. जंतूंना वाढायला ओल लागते. ती नसली की चटणी महिनाभर राहते. धपाटे मात्र पहिल्या दिवसापुरतेच. तूप, पेढे, खव्याची मिठाई घेऊ नका. दूध आणि मांस यांपासून केलेले पदार्थ बाहेरच्या देशांतून सामानात आणायला युरोपीय संघात बंदी आहे. केशर आंब्यालाही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय तिथं प्रवेश नाही.

आता कपडे. इथं पाणी आपण नेत नाही, ते कपड्यात रोज रात्री भरतं आणि रोज घालवावं लागतं.

चाळीस अंश सेल्सियसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ५१ ग्रॅम वाफ मावते. वीस अंशांना सुमारे १७ ग्रॅमच. मे महिन्यातल्या दुपारी आपल्याकडे तापमान चाळीसला टेकतं आणि सापेक्ष आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे हवेत दहाएक ग्रॅम वाफ असते आणि आणखी एक्केचाळीस ग्रॅमची जागा रिकामी असते. पॅरिसमध्ये वीस अंश आणि पासष्ट टक्के आर्द्रता असलेली जूनमधली संध्याकाळ घ्या: अकरा ग्रॅम वाफ आधीच आहे, जागा उरली सहा ग्रॅमची. आपली हवा जवळपास सातपट तहानलेली आहे. ओलं कापड वाळताना थंड पडतं, त्यामुळे प्रत्यक्ष वेळेत सातपट फरक दिसत नाही, तरी तो कित्येक तासांचा असतो. कूलर वापरणाऱ्याला हे पटकन समजेल. वाळ्याच्या ताट्यांवरून आलेली हवा मे महिन्यात घर गार करते आणि पाऊस सुरू झाला की तोच कूलर नुसता दमटपणा देतो. सत्तावीस अंश आणि ऐंशी टक्के आर्द्रता असलेल्या आपल्या श्रावणातल्या हवेतही पाच-सहा ग्रॅमचीच जागा असते. कपडे वाळण्यापुरतं बोलायचं तर युरोपातला उन्हाळा म्हणजे आपला श्रावण आहे.

आता या हवेत जीन्स वाळत घाला. तिचं वजन सहाशे-सातशे ग्रॅम. कापूस म्हणजे सेल्युलोज. त्याच्या रेणूंना पाण्याची ओढ असते आणि धाग्याच्या आतही पाणी शिरतं. हातानं पिळलेल्या जाड सुती कापडात त्याच्या स्वतःच्या वजनाएवढं पाणी सहज राहतं. असं सातशे ग्रॅम पाणी उडून जायला साधारण १,७०० किलोज्यूल उष्णता लागते. तेवढ्या उष्णतेत पाच लिटर गार पाण्याला उकळी येईल. ही उष्णता खोलीतल्या गार हवेकडून थोडी थोडी मिळते, म्हणून खिशाच्या आणि शिवणीच्या दुहेरी थरांत सकाळीही ओल असते. एकेरी थराची जॉर्जेटची साडी नऊवारी असली तरी पसरून टाकली की लवकर वाळते. सासूबाईंच्या साड्या आणि जावयाची जीन्स यांत प्रवासाला सोयीचं काय, याचं उत्तर मला तरी स्वच्छ दिसतं.

पाणी वाफ करून घालवणं एवढं महाग पडतं, म्हणून ते आधी पिळून घालवावं. यासाठी एक युक्ती आहे. पिळलेला कपडा हॉटेलच्या कोरड्या टॉवेलवर पसरायचा, दोन्हींची एकत्र गुंडाळी करायची आणि ती गुंडाळी दोन्ही टोकांनी जोरात पिरगाळायची. टॉवेलच्या दोऱ्यांतल्या बारीक फटी केशाकर्षणानं पाणी ओढून घेतात. मग कपडा न्हाणीघरात न टांगता खिडकीपाशी, वारा लागेल असा टांगायचा. ओल्या कापडाला वाफेनं भरलेल्या हवेचा पातळ थर चिकटून असतो आणि वाऱ्यानं तो हलतो.

कोणतं कापड न्यावं? नेहमीच्या हवेत सूत आपल्या वजनाच्या सुमारे आठ टक्के ओल धरून असतं, लोकर सोळा टक्के, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. म्हणून पॉलिएस्टर झटकन वाळतं. पण त्याला पाणी नको असलं तरी तेल हवं असतं. अंगातलं तेलकट द्रव्य त्याला चिकटतं, त्यावर जिवाणू पोसतात आणि घामाचा वास त्यालाच सगळ्यात जास्त धरतो. बारीक मेरिनो लोकर वाफ आत शोषते, हाताला ओली लागत नाही आणि दोन-तीन दिवस घातली तरी वास धरत नाही. ती महाग आहे. सूत आणि पॉलिएस्टर यांच्या मिश्रणाचा पातळ शर्ट बहुतेकांना पुरतो. टर्किश टॉवेल मात्र घरी ठेवा. त्याच्या फासांमुळे पृष्ठभाग वाढतो, पाणी भरपूर शोषलं जातं आणि ते निघता निघत नाही. आपला साधा पंचा अंग पुसून देतो, खिशात मावतो आणि तासा-दोन तासांत वाळतो.

थंडीच्या भीतीनं जाड जॅकेट बॅगेत जातं. स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकेन ५६८ मीटरवर आणि युंगफ्राऊयोखचं रेल्वे स्थानक ३,४५४ मीटरवर आहे. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश तापमान उतरतं, म्हणजे दोन तासांच्या आगगाडीच्या प्रवासात एकोणीस अंशांचा फरक. पण ऊब कापडाच्या जाडीत नसते, कापडांमध्ये अडकून स्थिर राहिलेल्या हवेत असते. पाणी हवेच्या वीसपटीहून जास्त वेगानं उष्णता वाहून नेतं, म्हणून घामानं भिजलेला एक जाड स्वेटर गारठवतो आणि कोरडे पातळ तीन थर ऊब देतात. शर्ट, त्यावर लोकरीचा पातळ स्वेटर, वरून वारा आणि पाऊस अडवणारं हलकं जाकीट. खाली उतरताना एकेक काढता येतो.

इथून पन्नासेक किलोमीटरवरच्या पैठणहून दर वर्षी आषाढीसाठी संत एकनाथांची पालखी पंढरपूरला पायी निघते. त्या वाटेवरचा वारकरी एक पडशी, एक बदलायचं धोतर आणि घोंगडी एवढ्यावर कित्येक दिवसांची वाट, तीही पावसातली, चालत आला आहे. धोतर एकेरी थराचं आणि वाऱ्यावर वाळणारं. घोंगडी लोकरीची, अंथरूण, पांघरूण आणि छत्री म्हणून एकच. युरोपच्या दमट उन्हाळ्याला लागणारी सगळी तयारी त्या पडशीत आहे.

एक सावधगिरी मात्र ठेवा. मे महिन्यात घरी कपडे वाळवून परीक्षा घ्याल तर फसाल. आपल्या गच्चीवर जीन्सही दोन तासांत वाळते. बॅग भरताना घरातल्या सगळ्यांना जवळ बसवा आणि मागचा श्रावण आठवा. बाहेर झड लागलेली असताना खोलीतल्या दोरीवर एका रात्रीत वाळलेले कपडे कोणते होते? तेवढेच बाजूला काढा, प्रत्येकी तीन जोड, आणि कपाट बंद करा.