लेन्स नवी, डोळे मात्र चाळिशीचे

भाचीच्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात मी आयुष्यात पहिल्यांदा कॉन्टॅक्ट लेन्स घेतल्या. वय 46, नंबर मायनस पाच आणि नववीपासून नाकावर बसलेला चष्मा. निदान फोटोत तरी तो नको, एवढाच हेतू. लेन्स लावून दुकानाबाहेर आले तर रस्त्यापलीकडच्या पाट्या लख्ख दिसत होत्या. घरी येऊन मोबाइल उघडला आणि अक्षरं धूसर झाली. हात लांब केला तेव्हा कुठे केटररचा निरोप वाचता आला. नंबर चुकला असं समजून दुसऱ्या दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी डोळे तपासले आणि म्हणाले, ‘‘नंबर बरोबर आहे. तुम्हाला चाळिशी लागली आहे. आजवर चष्म्यामुळे कळलं नाही, इतकंच.’’

मराठीत ‘चाळिशी’ वयालाही म्हणतात आणि वाचायच्या चष्म्यालाही. ही जोडी शास्त्राला धरून आहे. जवळचं पाहताना डोळ्यातलं नैसर्गिक भिंग फुगतं. वयाबरोबर ते ताठर होत जातं आणि ही ताकद घटते. ती डायॉप्टरमध्ये मोजतात. दहाव्या वर्षी ती साधारण 12 ते 14 असते, चाळिशीत पाचच्या आसपास येते आणि साठीला जेमतेम एक उरते. हातातलं पुस्तक 40 सेंटिमीटरवर धरलं, तर वाचायला अडीच डायॉप्टर लागतात. डोळ्याला शीण न होता वाचायचं, तर निम्मी ताकद राखीव हवी. म्हणजे गरज पाचाची. चाळिशीत गाडी नेमकी तिथेच येऊन थांबते.

मग माझी चाळिशी इतके दिवस लपली कशी? मायनस नंबरवाला माणूस बारीक अक्षर दिसलं की नकळत चष्मा कपाळावर चढवतो. शिवाय चष्मा डोळ्यापासून थोडा दूर बसतो, त्यामुळे मायनस नंबर असेल तर जवळचं पाहायला डोळ्याला कष्ट थोडे कमी पडतात. लेन्स थेट बुबुळावर बसते. ती कपाळावर चढवता येत नाही आणि ती सवलतही जाते.

अशा वेळी तीन वाटा असतात. पहिली सरळ आहे. लेन्स लांबच्या नंबरची घ्यायची आणि वाचताना वर साधा जवळचा चष्मा लावायचा. दुसरीत एका डोळ्याला लांबची आणि दुसऱ्याला जवळची लेन्स देतात. मेंदू हवी ती प्रतिमा उचलायला शिकतो, पण खोलीचा अंदाज थोडा कमी होतो. तिसरी वाट मल्टिफोकल लेन्सची. एकाच लेन्समध्ये लांबचा आणि जवळचा नंबर असतो. इथेही निवड मेंदूनेच करायची असते. कोणती वाट कुणाला मानवेल, हे आधी सांगता येत नाही. म्हणून विकत घेण्यापूर्वी चाचणीच्या लेन्स मागून घ्याव्यात आणि रोजच्या कामात वापरून पाहाव्यात.

मी मल्टिफोकल निवडल्या. पहिल्या आठवड्यात संध्याकाळी गाड्यांच्या दिव्यांभोवती वलयं दिसायची. मंद उजेडात मेन्यूकार्ड वाचवत नसे. जिना उतरताना कठडा धरायचे. सराव होईपर्यंत रात्री गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दोन आठवड्यांनी वलयं जाणवेनाशी झाली. दिवे तेच होते, मेंदूने त्यांच्याकडे दुर्लक्ष करायला शिकून घेतलं होतं.

डोळ्यांचा कोरडेपणा मात्र सरावाने जात नाही. वयाबरोबर अश्रूंचा थर पातळ होतो. रजोनिवृत्तीच्या काळात स्त्रियांना हे जास्त जाणवतं. सर्दी-अॅलर्जीच्या काही गोळ्या त्यात भर घालतात. त्यात दिवसभर एसी आणि समोर स्क्रीन. स्क्रीनकडे पाहताना आपण पापण्या कमी मिटतो. सुरुवातीला लेन्स रोज थोडे तास वापरून वेळ हळूहळू वाढवावी. थेंब घालायचे तर लेन्सवर चालणारे आहेत ना, हे विचारून घ्यावेत. स्वयंपाकघराचाही एक धडा मिळाला. लेन्स असताना कांदा फारसा झोंबत नाही, पण मिरच्या चिरलेले हात साबणाने धुऊनही रात्री लेन्स काढताना डोळ्याची आग होते. आता मिरच्या चिरण्याचं काम घरात दुसऱ्या कुणाकडे तरी असतं.

सगळ्यात मोठी चूक मी तिसऱ्या आठवड्यात केली. लेन्स बेसिनमध्ये पडली. ऑफिसची घाई होती. ती नळाखाली धुतली आणि परत डोळ्यात घातली. संध्याकाळपर्यंत डोळा लाल झाला आणि उजेड सहन होईना. डॉक्टरांनी लेन्स बंद करून उपचार दिले. त्या वेळी निभावलं, पण डॉक्टरांनी जे सांगितलं ते विसरता येण्यासारखं नाही.

मऊ लेन्स पाणी शोषून घेणाऱ्या पदार्थाची असते. चेक रसायनशास्त्रज्ञ ओट्टो विख्टर्ले यांनी 1961च्या नाताळात मुलांच्या खेळण्यातल्या सुट्या भागांचं यंत्र जोडून अशा लेन्स घडवल्या. हा पदार्थ पाणी धरतो म्हणून लेन्स डोळ्याला सुसह्य होते. पण पाण्यातले जंतूही तिला चिकटतात. नळाच्या, टाकीच्या, विहिरीच्या पाण्यात अकॅन्थामिबा नावाचा सूक्ष्मजीव असू शकतो. डोळ्याला तो क्वचितच बाधतो, पण बाधला तर उपचार महिनोन्‌महिने चालतात आणि दृष्टीही जाऊ शकते. फिल्टरचं किंवा उकळलेलं पाणीही लेन्सला चालत नाही. लेन्स फक्त सोल्यूशननेच धुवायची. हात धुऊन कोरडे करूनच तिला हात लावायचा. डबीत कालच्या सोल्यूशनवर नवं ओतायचं नाही आणि डबी तीन महिन्यांनी बदलायची. अंघोळ, पोहणं आणि झोप या तिन्ही वेळी लेन्स डोळ्यात नको. बुबुळाच्या पारदर्शक पडद्यात रक्तवाहिन्या नसतात, तो प्राणवायू थेट हवेतून घेतो. लेन्स लावून झोपल्यास त्याचा श्वास कोंडतो आणि संसर्गाचा धोका कित्येक पटींनी वाढतो.

डोळा लाल होणं, दुखणं, उजेड सहन न होणं किंवा धूसर दिसणं, यातलं काहीही झालं तर लेन्स काढून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना गाठावं. मेडिकलमधून मनाने थेंब आणू नयेत. त्यात स्टेरॉइड असेल तर संसर्ग बळावतो.

लेन्सच्या निमित्ताने माझ्या डोळ्यांचा दाब आणि पडदाही तपासून झाला. काचबिंदू आणि मधुमेहाने पडद्यावर होणारे परिणाम सुरुवातीला काहीच जाणवू देत नाहीत. म्हणून चाळिशीनंतर ही तपासणी प्रत्येकाने करावी, लेन्स घ्यायच्या असोत वा नसोत.

लग्नाच्या फोटोत अखेर मी चष्म्यातच आहे. त्या आठवड्यात दुसरा इलाज नव्हता. आता रोज लेन्स लावते, पण पर्समध्ये चष्मा असतोच. डोळा जरा जरी कुरकुरला, की लेन्स डबीत जाते आणि चष्मा नाकावर येतो.