पत्र्याची आगोट

इंजिनावरचं झाकण उतरवून मी पडवीत उताणं ठेवलं आणि खालच्या कडेजवळच्या एका फोडावर स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवलं. बाहेरून रंग चकचकीत होता, फोड मसुराच्या डाळीएवढा. टोक आरपार गेलं. पत्र्याच्या जागी तपकिरी पापुद्रे हातात आले.

ही बाबांची चेतक. बाबा कोयना प्रकल्पात नोकरीला होते आणि आमचं बालपण अलोऱ्याच्या वसाहतीत गेलं. या स्कूटरवरूनच ते कामाच्या पाळीला जात. २२ जुलै २०२१ला चिपळूण पाण्याखाली गेलं, तेव्हा ती तिथे मावशीकडे उभी होती. पूर ओसरल्यावर आम्ही इंजिन खोललं, तेल बदललं, बाहेरून धुतली. गाडी चालू झाली आणि सगळे निश्चिंत झाले. झाकणांच्या दुमडलेल्या कडांमध्ये जो गाळ बसला होता, तिकडे कोणी पाहिलंच नाही. पुढच्या प्रत्येक पावसाळ्यात त्या गाळानं ओल धरून ठेवली आणि पत्रा आतून खाल्ला.

बजाजची चेतक १९७२ साली आकुर्डीच्या कारखान्यातून बाहेर पडू लागली. तिचं अंग पोलादी पत्र्याचं. २०२० साली त्याच नावाची विजेवरची स्कूटर आली, तिचंही अंग पत्र्याचंच आहे. पत्रा ठोकून सरळ करता येतो, त्याला ठिगळ लावता येतं, हा त्याचा मोठा गुण. पण लोखंडाला हवा आणि पाणी एकत्र मिळालं की गंज धरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून वरचा रंग उचलला जातो आणि फोड येतो. फोड दिसतो तेव्हा खालचं काम बरंच पुढे गेलेलं असतं.

अलोरे कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी आहे. इथे पाऊस सह्याद्रीला आपटून कोसळतो आणि पावसाळा सरला तरी ओल सरत नाही. कोळकेवाडीच्या धरणात पोफळीच्या वीजगृहाचं अवजल येतं, त्यावर पुन्हा वीज तयार होते आणि ते पाणी पुढे वाशिष्ठी नदीला मिळतं. पूर्वेला डोंगराची भिंत असल्यामुळे थंडीत ऊन उशिरा उतरतं. जानेवारीतही नऊ-साडेनऊपर्यंत पन्हळीतून दवाचे थेंब टपकत असतात. अशा गावात गाडी रंगवायची, तर वेळापत्रक आपण नाही, हवा ठरवते.

प्रकल्पाच्या वर्कशॉपमध्ये पेंटर म्हणून निवृत्त झालेले एक काका आमच्या शेजारी राहतात. त्यांनी झाकण हातात घेतलं, उलटं केलं आणि आतल्या बाजूनं बोट फिरवलं. बाहेरच्या बाजूकडे पाहिलंही नाही. म्हणाले, "रंग काय, कोणीही मारील गो. घासणारा पाहिजे."

भोक पडलेल्या जागी लांबी, म्हणजे पुट्टी, भरून भागत नाही. लांबी खळगा भरते, भोक बुजवत नाही. ओल मागून येतच राहते आणि वर्षभरात ती अख्खी खपली होऊन पडते. म्हणून सडलेला भाग कापून तिथे नव्या पत्र्याचं ठिगळ वेल्डिंग करून आणलं. तेवढं काम बाहेर. बाकीचं सगळं पडवीत.

आधी साबणाच्या पाण्यानं धुणं, मग थिनरच्या फडक्यानं तेलाचा अंश काढणं. ऑइलचा एक थेंब राहिला तर रंग तिथून मागे सरतो आणि माशाच्या डोळ्यासारखा गोल खड्डा दिसतो. त्यानंतर तारेचा ब्रश, आणि मग पॉलिशपेपर: आधी ८०, मग १२०, मग २२० नंबरचा. आकडा लहान तितका पेपर खरखरीत. ८०चे ओरखडे १२०नं काढायचे, १२०चे २२०नं. मधली पायरी गाळली तर ते ओरखडे शेवटच्या रंगातून वर येतात. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून तोंडाला चांगला मास्क आणि घासलेली भुकटी झाडून उडवायची नाही, ओल्या फडक्यानं टिपायची.

दुसऱ्या दिवशी एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली. संध्याकाळी मी झाकणाचा एक भाग चांदीसारखा पांढरा करून ठेवला होता. सकाळी त्यावर फिकट नारिंगी धूर बसल्यासारखा थर होता. एका रात्रीच्या दवानं नवा गंज सुरू झाला होता. काकांनी तेव्हा नियम सांगितला: जेवढं उघडं कराल तेवढं त्याच दिवशी अस्तराखाली गेलं पाहिजे. त्यानंतर मी हातभर जागाच घासायची, तिथे फॉस्फोरिक ॲसिडचं गंजरोधक लावायचं, ते धुऊन उन्हात कडकडीत वाळवायचं आणि चार वाजायच्या आत रेड ऑक्साइडचं अस्तर चढवायचं, असं ठरवलं.

अस्तरावर लांबी, पातळ पातळ थरांत. जाड थर वरून वाळतो, आत कच्चा राहतो आणि मग चिरतो. लांबी पाणी पिते, म्हणून ती कोरडीच घासायची. पेपर नुसत्या बोटांनी धरला तर बोटांचे खळगे उमटतात. तो लाकडी ठोकळ्याला गुंडाळावा लागतो. आणि सपाटी पाहायची ती डोळ्यांनी नाही. तळहाताखाली पातळ फडकं धरून डोळे मिटायचे आणि हात सावकाश फिरवायचा. फडक्यामुळे हात सरकतो आणि केसाएवढा उंचवटाही कळतो. मला जी जागा तयार वाटत होती, तिथे काकांचा हात तीनदा थांबला. चौथ्यांदा थांबला नाही.

लांबीवर पुन्हा अस्तर, आणि त्यावर ४०० नंबरच्या वॉटरपेपरनं पाणी घेत हलकी घासणी. त्याआधी काकांनी काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा मारायला लावला. घासताना उंच भागावरचा काळा निघून जातो आणि खळग्यात ठिपके राहतात. जे हाताला सापडलं नाही, ते ठिपक्यांनी दाखवलं.

या सगळ्यात नऊ दिवस गेले. रंग मारायला एक दुपार लागली.

रंग मूळचाच घेतला, आकाशी. आरसी बुकात रंगाची नोंद असते आणि तो बदलायचा तर आरटीओकडे तशी नोंद करावी लागते. बाबांच्या गाडीला दुसरा रंग मला नकोच होता. प्रकार निवडला एनसी लॅकर, थिनरमध्ये पातळ होणारा. हल्ली दुकानात हार्डनर मिसळायचा पीयू रंग पटकन पुढे करतात. तो टिकाऊ आणि चमकदार असतो, पण त्याच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटमुळे कायमचा दमा जडू शकतो आणि साधा मास्क तिथे उपयोगाचा नाही. तो घरी फवारू नये, हे मी अगदी ठामपणे सांगते. लॅकरही निरुपद्रवी नाही. थिनरची वाफ पेट घेते. त्या दिवशी आमच्या न्हाणीचा बंब पेटवला नाही आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला चूल नाही हे पाहून घेतलं.

अंगणातली तांबडी धूळ बसावी म्हणून आदल्या संध्याकाळी पाणी मारलं. सकाळी मारलं असतं तर हवेतली ओल वाढली असती. साडेअकराला ऊन पडवीत आलं, झाकणं हाताला कोमट लागली, तेव्हा काकांनी कॉम्प्रेसरच्या टाकीचा खालचा कॉक उघडला. फस्सकन हवा आली आणि मागोमाग वाटीभर गढूळ पाणी. हवा दाबली की तिच्यातली वाफ पाणी होऊन तळाशी साचते. तो कॉक उघडला नाही तर तेच पाणी नळीतून रंगात येतं. रंग मलमलच्या फडक्यातून गाळून घेतला.

पहिला हात धुक्यासारखा, खालचं अस्तर दिसत राहील असा. फवाऱ्याची बंदूक झाकणापासून वीतभर लांब. झाकणाच्या बाहेर फवारा सुरू करायचा, सरळ रेषेत न्यायचा आणि पलीकडे बाहेर गेल्यावर बंद करायचा. पुढचा पट्टा आधीच्या पट्ट्याच्या अर्ध्यावर. मनगट वळवलं तर मध्ये जाड आणि कडांना विरळ बसतो, म्हणून सगळा हात खांद्यापासून हलवायचा. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा हात, मग तिसरा. ओल्या रंगावर हात थांबला की ओघळ आलाच.

चौथ्या हाताला तीन वाजून गेले होते. ऊन कललं, खालून गार वारा आला, आणि झाकणाच्या एका बाजूला आकाशी रंग डोळ्यांदेखत दुधाळ झाला. थिनर उडताना पत्र्यातली उष्णता घेऊन जातो. पत्रा गार झाला की हवेतली वाफ ओल्या रंगावर बसते आणि तिथे रंग पांढरा पडतो. काकांनी बंदूक माझ्या हातातून घेतली आणि खाली ठेवली. "आता थांब. हवा नाही म्हणते." दुसऱ्या दिवशी बारा वाजता सावकाश उडणाऱ्या थिनरचा विरळ हात मारला, तेव्हा पांढरेपणा विरघळून गेला. पुढे आठवडाभर काहीच केलं नाही. मग १५०० नंबरच्या वॉटरपेपरनं साबणाचं पाणी लावून घासलं आणि रबिंग कंपाउंडनं चमक आणली. उरलेला थिनर पऱ्यात ओतला नाही, घट्ट झाकणाच्या डब्यात भरून ठेवला. आमचा पऱ्या वाशिष्ठीलाच मिळतो.

झाकणं बसवण्याआधी एक काम उरलं होतं, आणि माझ्या मते तेच सगळ्यात महत्त्वाचं. आतली बाजू. तिथे अस्तराचे दोन हात, रंगाचे दोन हात, दुमडीत मेणाचा लेप, आणि पाणी निघून जायची बारीक भोकं तारेनं मोकळी. ती बाजू कोणाला दिसणार नाही. पण आमचं झाकण तिथूनच सडलं होतं.

आजच्या अनेक स्कूटरच्या बाजू प्लास्टिकच्या असतात. त्यांना गंज नाही, पण रंगवण्याआधी आतल्या बाजूची छापील अक्षरं वाचा. एबीएस असेल तर नीट घासलेल्या बाजूवर रंग धरतो. पीपी असेल तर खास प्रायमरशिवाय सालीसारखा निघतो.

कोकणात पाऊस येण्याआधी आपण आगोट करतो: कौलं परततो, पन्हळी साफ करतो, लाकूडफाटा आत घेतो. दाराशी उभ्या असलेल्या गाडीचा पत्राही त्याच पावसात उभा असतो. या मे महिन्यात मडगार्डच्या आतून एकदा हात फिरवा. गाळ लागला तर धुऊन काढा, फोड लागला तर त्याच आठवड्यात घासायला घ्या.