‘बरे होणे’ आणि ‘तारले जाणे’

ख्रिस्ती श्रद्धेमुळे मनाच्या जखमा भरून येतात, असे विधान धार्मिक वाङ्मयात वारंवार आढळते. या ‘भरून येण्या’चा नेमका अर्थ कोणता, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. दुःख पुसले जाणे, त्याचे विस्मरण होणे, की त्या दुःखासह जगण्याची निराळी रीत प्राप्त होणे? नव्या कराराच्या मूळ ग्रीक शब्दयोजनेत या प्रश्नाचे बरेचसे उत्तर सापडते.

ग्रीक भाषेत रोग बरा करणे या अर्थी ‘इआओमाइ’ व ‘थेराप्यूओ’ ही क्रियापदे आहेत. त्यांच्या जोडीस ‘सोझो’ हे तिसरे क्रियापद येते. संकटातून वाचविणे, आजारातून बरे करणे आणि पापातून तारणे एवढा त्याचा अर्थविस्तार आहे. लॅटिनमधील ‘सालूस’ या नामातही आरोग्य व तारण हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. मराठीत मात्र ‘बरे करणे’ आणि ‘तारणे’ हे शब्द वेगळे आहेत. ‘तारणे’ याच्या मुळाशी ‘तॄ’ हा संस्कृत धातू असून पैलतीरास नेणे हा त्याचा मूलार्थ होय. त्यामुळे मराठी अनुवादकास दर वेळी दोहोंपैकी एकाची निवड करावी लागते, आणि मूळातील अर्थैक्य वाचकाच्या दृष्टीआड होते.

या अर्थैक्याचे महत्त्व तीन प्रसंगांवरून ध्यानात येईल. मार्कच्या पाचव्या अध्यायातील स्त्री बारा वर्षे रक्तस्रावाने पीडित आहे. लूकच्या सातव्या अध्यायातील स्त्रीस कोणताही रोग नाही, तिच्यावर आहे तो लोकनिंदेचा भार. तरीही श्रद्धेने तिला ‘सोझो’ केले, हे येशूचे वाक्य दोन्ही ठिकाणी अक्षरशः एकच आहे. लूकच्याच सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोगी शुद्ध होतात. परंतु ‘सोझो’ हे क्रियापद योजिले जाते ते आभार मानण्यासाठी परत आलेल्या एकट्यासंबंधी. तो शोमरोनी, म्हणजे यहुदी समाजाच्या दृष्टीने परका होता. रोग दहाही जणांचा गेला. तुटलेले नाते जुळले ते एकाचे. यावरून असे दिसते की, शुभवर्तमानांतील आरोग्य म्हणजे केवळ पूर्वस्थितीची प्राप्ती नव्हे. मार्कमधील स्त्री भीत भीत पुढे येऊन सर्व हकीकत सांगते, आणि तिला ‘मुली’ असे संबोधन लाभते. व्यथा उच्चारली जाणे आणि ती ऐकणारा कोणी असणे, हा त्या बरे होण्याचाच भाग आहे.

जखमेची खूण नाहीशी व्हावी, अशी अटही येथे नाही. योहानाच्या विसाव्या अध्यायातील पुनरुत्थित ख्रिस्ताच्या हातांवरील व कुशीतील व्रण तसेच आहेत. पौलाने आपला ‘काटा’ दूर व्हावा म्हणून तीनदा प्रार्थना केली. काटा राहिला, तो सोसण्यास पुरेशी कृपा मिळाली. वेदना उरली म्हणजे श्रद्धा उणी पडली, असे आर्ताला ऐकविण्यास या ग्रंथाचा आधार मिळत नाही. वैद्याचे साहाय्य घेणे हा अविश्वास होय, असेही त्यातून निष्पन्न होत नाही.

महाराष्ट्रातील ठळक उदाहरण पंडिता रमाबाईंचे होय. 1858 मध्ये जन्मलेल्या रमाबाईंचे आईवडील व थोरली बहीण दुष्काळातील हालअपेष्टांत मरण पावली. 1880 मध्ये बंधू आणि 1882 मध्ये पती निवर्तले. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. तथापि तेवढ्याने मनास स्वस्थता लाभली नाही; ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मात्र पुढे कित्येक वर्षांनी गवसला, असा भेद त्यांनी आपल्या आत्मनिवेदनात केला आहे. गेलेली माणसे परत आली नाहीत. एकुलती कन्या मनोरमा हीदेखील 1921 मध्ये, त्यांच्या आधी काही महिने, वारली. परंतु 1896–97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली व स्त्रिया आणून केडगाव येथे त्यांना आश्रय दिला. उपासमारीची जुनी आठवण विझली नव्हती. तीच दुसऱ्यांच्या उपयोगी पडली. अखेरच्या वर्षांत हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी बायबलचे सामान्य स्त्रियांना कळेल अशा मराठीत भाषांतर केले. ते त्यांच्या निधनानंतर 1924 मध्ये संपूर्ण प्रसिद्ध झाले.

‘स्वस्थ’ या शब्दाची व्युत्पत्ती ‘स्वतःच्या ठायी स्थित असलेला’ अशी आहे. ‘सोझो’ या क्रियापदाचा शुभवर्तमानांतील रोख थोडा निराळा आहे : तेथे मनुष्य बरा होतो तो दुसऱ्याच्या हाकेला ओ देऊन, आणि पुढे स्वतः कोणाची तरी हाक ऐकून. हे दोन अर्थ परस्परविरोधी नाहीत. परंतु त्यांतील अंतर न ओळखता केलेला अनुवाद आणि न ओळखता केलेले सांत्वन, दोन्ही अपुरीच राहतात.