दिव्याचे बटण का जळते?

जुन्या मोटारसायकलीचा दिवा बॅटरीवर चालत असेल, तर त्याची सारी वीज पुष्कळदा हँडलवरच्या बटणातून जाते. १२ व्होल्टचा ६० वॅटचा दिवा ५ अँपिअर वीज ओढतो. बटणातले पत्रे लहान. ते तापतात, काळे पडतात. मग अंधारात, ऐन वळणावर दिवा जातो!

अशा गाडीला रिले बसवावा, असे आम्ही सांगतो. रिले म्हणजे काय? विजेवर चालणारे दुसरे बटण. हँडलवरचे बटण त्याला नुसती खूण करते. मोठी वीज बॅटरीतून जाड तारेने, रिलेमार्गे थेट दिव्याला जाते. उंच आणि खालच्या झोताला वेगवेगळा रिले लागतो.

बॅटरीजवळ १० अँपिअरचा फ्यूज हवाच. तिथे काटकसर नको, बरं का! तार घासून उघडी पडली तर गाडी पेटेल. कामाला हात घालण्याआधी बॅटरीची तार सोडून ठेवावी.