ड्रोनांचे मोहोळ लढाईत कुठे अडते?



फवारणीचा ड्रोन आता गावोगाव दिसू लागला आहे. तो चालवणाऱ्या ताईंना विचारा. दहा-पंधरा मिनिटे उडाला की बॅटरी बदला, वारा सुटला की काम थांबवा. एका ड्रोनची ही कथा, मग लढाईत शंभर सोडायचे म्हणजे काय होत असेल?

मोहोळ म्हणजे नुसती संख्या नव्हे. कोणी न हाकता ड्रोनांनी एकमेकांशी बोलत काम वाटून घ्यायचे असते. अमेरिकेने २०१६ साली तीन लढाऊ विमानांतून १०३ चिमुकले ड्रोन सोडून हे करून पाहिले. आपल्या लष्करानेही २०२१ च्या सेनादिनी दिल्लीत ७५ ड्रोनांचे प्रात्यक्षिक दाखवले. पण प्रात्यक्षिकाचा प्लॉट आणि आपले रान यांतला फरक तुम्हाला मी काय सांगावा!

युक्रेनच्या युद्धात तो फरक उघडा पडला. शत्रू पहिला घाव घालतो तो ड्रोनच्या बोलण्यावरच. जॅमर रेडिओलहरींत असा गोंगाट करतो की जत्रेतल्या कर्ण्यांपुढे शेजारच्याची हाक ऐकू येऊ नये. उपग्रहाकडून मिळणारा ठावठिकाणाही तसाच बुडतो. मग २०२४ पासून ड्रोनच्या मागे केसासारखी बारीक काचतंतूची तार सोडू लागले. तिच्यावर जॅमर चालत नाही. पण ती दहा-वीस किलोमीटर तार नंतर तिथेच पडून राहते, आणि तिकडची शेते, झाडे कोळ्याच्या जाळ्यासारखी तारांनी भरली आहेत. ते रान नांगरणाऱ्याचे हाल कोण विचारतो? शिवाय तारेच्या दुसऱ्या टोकाला माणूस लागतोच. शंभर तारा एकत्र सोडल्या तर गुंताच व्हायचा.

बॅटऱ्यांचे दुखणे आहेच. कडाक्याच्या थंडीत त्या लवकर उतरतात, आणि शंभर बॅटऱ्या खंदकात बसून भारायच्या म्हणजे जनरेटर, इंधन, माणसे सगळेच आले.

दुसरी वाट अशी, की ड्रोनने कॅमेऱ्याने पाहून लक्ष्य स्वतःच ठरवायचे. इथे मात्र मला धास्ती वाटते. धूर, धुके, पाऊस, झाडोरा यांनी नजर चुकते. लाकडी खोट्या तोफा मांडून शत्रू फसवतो, ते वेगळेच. आणि बांधावरून चाललेल्या माणसाच्या खांद्यावर बंदूक आहे की फावडे, हे यंत्राने वरून कसे ओळखावे? चुकले तर जाब कोणाला विचारायचा? माणसाच्या ताब्याबाहेर चालणाऱ्या अशा शस्त्रांवर २०२६ पर्यंत बंधनकारक करार करून बंदी घालावी, असे आवाहन संयुक्त राष्ट्रसंघाच्या सरचिटणीसांनी २०२३ साली सर्व देशांना केले.