एवढ्या मोठ्या मेडिकल कॉलेजात वाट कशी सापडते? (तिसरीच्या नकाशापासून डिसेक्शन हॉलपर्यंत)



मेडिकलला नंबर लागला की घरात पेढे वाटले जातात. मग तयारी सुरू होते. पुस्तकं, एप्रन, होस्टेलसाठी गादी-बादली, कागदपत्रांच्या झेरॉक्सचे चार संच. एका गोष्टीची तयारी मात्र कुणीच करून घेत नाही. ती म्हणजे त्या अवाढव्य इमारतीत वाट कशी शोधायची! ऐकायला ही गोष्ट किरकोळ वाटेल. पण दोन खोल्यांच्या शाळेत शिकलेलं, तालुक्याच्या कॉलेजातून बारावी झालेलं मूल सकाळी आठच्या लेक्चरला हॉल शोधत फिरतं, उशिरा पोचतं, दार उघडल्यावर सगळा वर्ग आपल्याकडे बघतोय असं त्याला वाटतं, तेव्हा ती गोष्ट किरकोळ राहत नाही. "मी इथला नाही" हा विचार तिथूनच डोक्यात शिरतो.

वाट शोधणं ही शिकवता येणारी गोष्ट आहे आणि तिचा पाया आपल्या प्राथमिक वर्गात घातला जातो. ते कसं, हे या लेखात बघू.

मेडिकल कॉलेज म्हणजे एक इमारत नसते

शाळा म्हटलं की एक इमारत, एक मैदान, एक फाटक. मेडिकल कॉलेज तसं नसतं. त्यात कॉलेज असतं, त्याला जोडलेलं रुग्णालय असतं आणि होस्टेल, मेस, ग्रंथालय असतं.

मुंबईतलं उदाहरण घेऊ. परळला शेठ गोरधनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज आणि केईएम रुग्णालय एकाच आवारात आहेत. दोन्ही १९२६ साली सुरू झाली. शिकवणारे डॉक्टर भारतीयच असावेत, अशी अट या कॉलेजसाठी देणगी देणाऱ्यांनी घातली होती. त्या काळात ही केवढी मोठी गोष्ट! पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झालेले डॉ. जीवराज मेहता इथले पहिले डीन. आज मुंबई महानगरपालिका ही संस्था चालवते. जवळच टाटा मेमोरियल हे कॅन्सरचं रुग्णालय आहे आणि लहान मुलांचं वाडिया रुग्णालयही आहे. म्हणजे परळला उतरलेल्या नवख्या माणसाला आधी हेच समजून घ्यावं लागतं की ही रुग्णालयं वेगवेगळी आहेत. आत शिरल्यावरचा प्रश्न नंतरचा.

पहिल्या वर्षाला तीन मुख्य विषय असतात. शरीररचनाशास्त्र म्हणजे ॲनाटॉमी, शरीरक्रियाशास्त्र म्हणजे फिजिऑलॉजी आणि जीवरसायनशास्त्र म्हणजे बायोकेमिस्ट्री. प्रत्येकाचा विभाग वेगळा, प्रयोगशाळा वेगळी. शिवाय लेक्चर हॉल, डिसेक्शन हॉल, ॲनाटॉमीचं म्युझियम, ग्रंथालय आणि फी-कागदपत्रांसाठी कॉलेजचं ऑफिस. २०१९ पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षापासूनच मुलांना रुग्णांजवळ नेलं जातं. त्यामुळे रुग्णालयाचा भागही लगेच माहीत असावा लागतो. हजेरीही मोजली जाते. थिअरीला ७५ टक्के, प्रॅक्टिकलला ८० टक्के. चुकीच्या मजल्यावर गेलेली दहा मिनिटं म्हणूनच महाग पडतात.

इमारत चकवते कशी?

१) जुनी आणि नवी बांधकामं जोडलेली असतात. संस्था जशी वाढते तशा इमारती वाढतात. मग मधल्या पुलावरून पलीकडे गेलं की मजल्यांचे आकडे जुळतीलच असं नाही.

२) तळमजल्याचा घोळ. आपल्याकडे तळमजल्याच्या वरचा तो पहिला मजला. पण "पहिला माळा" म्हणताना बोलणाऱ्याच्या मनात नक्की कोणता, हे विचारून घ्यावं लागतं.

३) सगळे व्हरांडे सारखे दिसतात. तोच रंग, तीच दारं, तेच बाक.

४) एका जागेची तीन नावं. पाटीवर "बाह्यरुग्ण विभाग", टाइमटेबलवर "ओपीडी", आणि विचारलं तर कुणी सांगतं, "केसपेपरची खिडकी आहे ना, त्याच्या पुढे." तिन्ही बरोबर! पण नवख्याला ती तीन वेगळी ठिकाणं वाटतात.

यातलं एकही कारण मुलाच्या हुशारीशी संबंधित नाही, हे मुलांना आवर्जून सांगा.

डोक्यातला नकाशा

आपण वाट लक्षात कशी ठेवतो? १९४८ साली टोलमन या मानसशास्त्रज्ञाने उंदरांवरच्या प्रयोगांवरून मांडलं की प्राणी फक्त "डावीकडे वळ, उजवीकडे वळ" एवढंच पाठ करत नाहीत, ते डोक्यात जागेचा नकाशा तयार करतात. १९७१ मध्ये जॉन ओकीफ यांना उंदराच्या मेंदूत अशा पेशी सापडल्या की उंदीर ठराविक जागी आला की ठराविक पेशी काम करू लागते. मेंदूच्या त्या भागाला हिप्पोकॅम्पस म्हणतात. २००५ मध्ये मोसर दांपत्याने शेजारच्या भागात जागेची जणू चौकटी आखणाऱ्या पेशी शोधल्या. या तिघांना २०१४ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

गंमत बघा, ज्या हिप्पोकॅम्पसच्या जोरावर मूल डिसेक्शन हॉल शोधतं, तोच हिप्पोकॅम्पस त्या हॉलमध्ये मेंदू शिकताना त्याला ओळखायचा असतो!

आपल्या शिक्षकांच्या कामाची गोष्ट यापुढची आहे. लंडनच्या टॅक्सीचालकांना परवान्यासाठी शहराच्या मध्यापासून सहा मैलांच्या आतले सुमारे २५,००० रस्ते पाठ असावे लागतात. एलिनॉर मॅग्वायर यांनी २००० साली दाखवलं की या चालकांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असतो. मग प्रश्न आला, तो आधीच मोठा होता की शिकून झाला? त्यांच्या गटाने शिकाऊ चालकांचा काही वर्षं पाठपुरावा केला. जे अभ्यास करून परीक्षा पास झाले, त्यांच्यात ही वाढ दिसली. म्हणजे "आमच्या पोराला दिशाच कळत नाहीत" हे वाक्य आपण जरा जपून बोलायला हवं.

शिकण्याचा क्रम साधारण असा असतो. आधी खुणा (गणपतीचा फोटो, पाण्याचा कूलर, लाल दार). मग खुणांना जोडणारी वाट. आणि शेवटी वरून बघितल्यासारखा पूर्ण नकाशा. पहिल्याच दिवशी तिसरी पायरी येत नाही आणि यायलाही नको.

पहिल्या आठवड्यासाठी सहा सोप्या गोष्टी

तुमच्या ओळखीचं कुणी यंदा जात असेल, तर त्याला एवढं सांगा.

१) कॉलेज सुरू होण्याच्या आदल्या दिवशी होस्टेल ते लेक्चर हॉल एकदा चालून बघ. घड्याळ लावून.

२) एक जागा पक्की कर. मुख्य फाटक किंवा ग्रंथालय. चुकलास तर तिथे परत यायचं आणि तिथून पुन्हा सुरुवात करायची.

३) वळणावर थांबून मागे वळून बघ. जाताना दिसणारा व्हरांडा आणि येताना दिसणारा व्हरांडा वेगळा असतो. येताना चुकायला होतं ते यामुळेच.

४) पहिले काही दिवस जिन्याने जा. लिफ्टमध्ये दार बंद होतं आणि उघडतं, मधली वाट डोक्यात उमटतच नाही.

५) वहीच्या शेवटच्या पानावर स्वतः नकाशा काढ. सुबक नसला तरी चालेल. मोबाइलचा नकाशा फाटकापर्यंत आणतो, आतले मजले त्याला नीट कळत नाहीत.

६) विचार. कुणाला? सिक्युरिटीवाले, वॉर्डातले मामा, मावशी, सिस्टर. त्यांना इमारतीचा कोपरा न् कोपरा माहीत असतो. उत्तर मिळालं की ते परत म्हणून दाखव: "म्हणजे जिना चढून डावीकडे, मग दुसरं दार, बरोबर ना मावशी?" आणि जवळची वाट म्हणून वॉर्ड, आयसीयू किंवा ऑपरेशन थिएटरच्या भागातून मात्र जायचं नाही. तिथे पेशंट असतात.

एप्रन घातला की लोक तुम्हालाच विचारतात

आमच्या शाळेतून शिकून गेलेली एक मुलगी आता एका सरकारी मेडिकल कॉलेजात आहे. सुट्टीत शाळेत आली होती. मी विचारलं, "सगळ्यात अवघड काय गेलं गं?" मला वाटलं, इंग्रजी म्हणेल किंवा डिसेक्शन. ती म्हणाली, "सर, एप्रन घालून व्हरांड्यातून चालले की आजी-आजोबा विचारायचे, डॉक्टर, एक्स-रे कुठं काढतात? आणि मला स्वतःलाच माहीत नसायचं." मग तिने काय केलं? एका रविवारी मैत्रिणीला घेऊन अख्खं रुग्णालय पायी फिरली आणि लोक ज्या जागा सारख्या विचारतात त्यांची यादी केली. केसपेपर, एक्स-रे, रक्त तपासणी, औषधाची खिडकी, अपघात विभाग, प्यायचं पाणी, संडास. "सर, मला अजून कुणाला बरं करता येत नाही, पण रस्ता तरी सांगता येतो."

मला वाटतं, या विषयाचं खरं मोल इथे आहे. खेड्यातून पहाटेची एसटी पकडून आलेला माणूस, हातात फाइल, सोबत आजारी बायको. पाटी वाचता येत नाही, वाचली तर कळत नाही. त्याला "तिकडे जा" आणि "चला, जिन्यापर्यंत येतो" यातला फरक फार मोठा असतो. डॉक्टर व्हायला साडेपाच वर्षं लागतात. हे काम पहिल्या महिन्यात सुरू करता येतं.

कुणाचा डावा हात?

ॲनाटॉमीचा अगदी सुरुवातीचा पाठही दिशांचाच असतो! माणूस सरळ उभा, तोंड समोर, तळवे पुढे, अशी शरीराची ठरलेली स्थिती धरतात आणि मग वर-खाली, पुढे-मागे, मध्याकडे-बाजूला अशा दिशा सांगतात. यात डावा-उजवा म्हणजे नेहमी रुग्णाचा डावा-उजवा, बघणाऱ्याचा नाही. समोर उभ्या माणसाचं हृदय आपल्या उजव्या हाताला दिसतं, तरी ते म्हणायचं डावीकडेच. आपल्या वर्गात मुलं समोरासमोर उभी राहून "डावा हात वर" खेळतात आणि गोंधळून हसतात ना, तोच हा धडा.

वर्गात काय घेता येईल?

तिसरी-चौथीच्या परिसर अभ्यासात दिशा, नकाशा, खुणा आहेतच. फक्त फळ्यावर न शिकवता पायांनी शिकवूया.

• शाळेचा नकाशा: वर्ग, हापसा, स्वयंपाकाची खोली, स्वच्छतागृह पावलं मोजून काढणे.
• वाट सांगा: एका मुलाने बोलून दुसऱ्याला ठरलेल्या जागी पोचवायचं. "इकडे-तिकडे" हे शब्द बाद!
• परतीची वाट: जाताना पाहिलेल्या पाच खुणा येताना उलट्या क्रमाने सांगणे.
• अनोळखी ठिकाण: ग्रामपंचायत, पोस्ट किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राची भेट. कुठे काय आहे हे मुलांनीच विचारायचं, सरांनी बोलायचं नाही.

शेवटचा उपक्रम मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. नकाशा चुकला तर पुसता येतो, पण विचारायची लाज लहानपणी गेली नाही तर ती सोबत कॉलेजात जाते.

पालकांनो, तुमच्यासाठी एकच विनंती. बँकेत, दवाखान्यात, बस स्टँडवर मुलाला पुढे चालू द्या. "तू विचार, मी मागे आहे" एवढं म्हणा. पाच मिनिटं जास्त लागतील, लागू देत.

तुमच्या शाळेत असे कोणते उपक्रम घेता, जरूर कळवा.