माणसाला मुभा, मोटारसायकलीला परवाना

जालन्याहून देऊळगाव राजाकडे जाणारा रस्ता आज मोटारसायकलस्वाराला तासाभरात वऱ्हाडात नेऊन सोडतो आणि वाटेत त्याला कोणी नाव-गाव विचारीत नाही. परंतु १९४८ पूर्वी हाच प्रवास करणारा मनुष्य निजामाच्या हैदराबाद संस्थानातून निघून इंग्रजी अमलाखालच्या मुलखात शिरत असे, त्याच्या खिशातला हाली सिक्का पलीकडे सात हालीला सहा कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये, अशा दराने मोजला जाई, आणि त्याच्यापाशी असलेल्या मालाची विचारपूस करण्यास संस्थानचे करोडगिरी खाते, म्हणजे तेथील जकातीचा कारभार, सिद्ध असे. सरहद्द माणसापेक्षा मालाकडे अधिक बारकाईने पाहते, ही गोष्ट या जिल्ह्याच्या जुन्या पिढीला कोणी शिकवावी लागली नसती. आज मोटारसायकली घेऊन नेपाळ-भूतानकडे निघू पाहणाऱ्या तरुण मंडळींना मात्र ती पुष्कळदा सरहद्दीवर पोचल्यावरच उमगते. कारण तयारीचा सारा उत्साह रेनकोट, पंक्चरचे सामान आणि डोंगरातल्या वळणांच्या चर्चेत खर्च झालेला असतो.

भारत आणि नेपाळ यांच्यात ३१ जुलै १९५० रोजी झालेल्या मैत्रीच्या तहाने उभय देशांच्या नागरिकांना परस्परांच्या भूमीत वावरण्याची जी मोकळीक दिली, तिच्यामुळे भारतीय माणसाला नेपाळात जाण्यासाठी व्हिसा लागत नाही, आणि ओळख पटविण्यास पारपत्र नसल्यास मतदार ओळखपत्रही चालते. (आधार कार्डावर विसंबून निघणारे पुष्कळ असतात, त्यांनी तसे करू नये.) पण ज्या मोटारसायकलीवर बसून हा माणूस सोनौलीच्या नाक्यावर येतो, तिला ही सवलत नाही. तिच्यासाठी पलीकडच्या भन्सार कार्यालयात, म्हणजे नेपाळच्या सीमाशुल्क कचेरीत, नोंदणीचे पुस्तक दाखवून, जितके दिवस राहावयाचे तितक्या दिवसांचे शुल्क भरून मुदतीचा परवाना घ्यावा लागतो आणि परतताना तो दाखवून वाहन देशाबाहेर नेल्याची नोंद करावी लागते. मुदत उलटली तर दंड आहे. सरकारच्या दृष्टीने स्वार हा पाहुणा असतो, आणि त्याचे वाहन हा जकात न भरता आत आलेला, केव्हाही बाजारात विकला जाऊ शकेल असा परदेशी माल असतो. ही दृष्टी एकदा ध्यानात घेतली म्हणजे कागदांचा पुढचा सारा पसारा आपोआप उलगडतो.

उदाहरणार्थ, वाहन स्वतःच्या नावावर असणे. मित्राची किंवा थोरल्या भावाची मोटारसायकल घेऊन गावात फिरताना जी गोष्ट कोणाच्या मनातही येत नाही, तीच सरहद्दीवर शंकेचे कारण होते, आणि मालकाचे संमतिपत्र जवळ नसेल तर अख्ख्या गटाचा खोळंबा होतो. वाहनावर बँकेच्या कर्जाचा बोजा असेल तर देशाबाहेर नेण्यास बँकेचा ना-हरकत दाखला घेऊन ठेवणे इष्ट. विम्याचे तर बहुतेकांना माहीतच नसते: आपली नेहमीची पॉलिसी भारताच्या हद्दीत लागू असते, आणि नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव व पाकिस्तान या शेजारी देशांपुरती तिची भौगोलिक मर्यादा जादा हप्ता भरून वाढवून घ्यावी लागते. हा हप्ता थोडा असतो. तो न भरता घाटात अपघात झाला तर मात्र पश्चात्तापाला सीमा राहत नाही.

भूतानचा कारभार याहून काटेकोर आहे. जयगाव ओलांडून फुन्शोलिंगला प्रवेशपरवाना होतो. सप्टेंबर २०२२ पासून भारतीय प्रवाशाकडून दर रात्रीमागे १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क घेतले जाते, आणि थिंफू-पारोच्या पलीकडे जावयाचे तर वाटाड्यावाचून गत्यंतर नसते. वाटाड्याचा खर्च एकट्याने सोसावा की आठजणांनी वाटून घ्यावा, या साध्या हिशेबातच सामूहिक प्रवासाचे खरे कारण दडलेले आहे, असे माझे मत आहे. सहवासाचा आनंद वगैरे गोष्टी मागाहून येतात. चीनमध्ये हा हिशेब आणखी भारी होतो, कारण तेथे भारतातला आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना मानला जात नाही, तात्पुरता चिनी परवाना काढावा लागतो आणि सरकारमान्य मार्गदर्शक पूर्ण वाटभर सोबत ठेवावा लागतो. २०१९ साली वाराणसीहून नेपाळ-चीनमार्गे लंडनला मोटारसायकली घेऊन गेलेल्या सुरतेच्या तिघी काय, किंवा मार्च २०२३ मध्ये नऊवारी लुगडे नेसून एकटीनेच जगप्रवासाला निघालेल्या पुण्याच्या रमिला लटपटे काय, त्यांच्या धाडसाचे जे कौतुक झाले ते सर्वस्वी योग्य होते. पण त्या धाडसाच्या पाठीमागे कचेऱ्यांच्या पायऱ्या किती झिजवाव्या लागल्या असतील, याची कल्पना कौतुक करणाऱ्यांपैकी थोड्यांनाच असेल.

नेपाळ-भूतानच्या पुढे वाहन न्यावयाचे म्हणजे काही देशांत ‘कार्ने’ नावाचे पुस्तक लागते. भारतात ते मोटारमालकांच्या संघांच्या महासंघामार्फत मिळते, त्यासाठी वाहनाच्या किमतीच्या प्रमाणात बँकेची हमी द्यावी लागते आणि त्याची मुदत एक वर्षाची असते. प्रत्येक देशासाठी त्यात एक पान. पानाचा एक भाग वाहन आत येताना फाडला जातो, दुसरा बाहेर जाताना, आणि उरलेल्या स्थळप्रतीवर दोन्ही वेळचे शिक्के बसतात. एखाद्या नाक्यावर घाईगर्दीत बाहेर पडल्याचा शिक्का राहिला, तर कागदोपत्री ते वाहन त्या देशातच राहिले, आणि त्याची जकात हमीतून वसूल होऊ शकते. जुन्या काळी सावकाराकडे जामीन राहणाऱ्या माणसाची जी अवस्था असे, तीच येथे स्वाराची असते, एवढाच फरक की येथे ऋणको त्याची स्वतःची मोटारसायकल असते.

आणि वाटा तरी कोठे उरल्या आहेत? पश्चिमेला अटारीचे दार बंद आहे. पूर्वेला मोरेहून म्यानमारात जाणारा जो मार्ग २०१८ च्या ऑगस्टात प्रवाशांना रीतसर खुला झाला, तो फेब्रुवारी २०२१ मधील लष्करी उठावानंतर भरवशाचा राहिला नाही. म्हणून दूरचे बेत आखणारे वाहन जहाजाने पाठवितात किंवा विमानाने जाऊन तेथेच भाड्याची मोटारसायकल घेतात. या दुसऱ्या मार्गाने जाणाऱ्याला परिवहन कार्यालयातून आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना काढणे भाग आहे. पण तो १९४९ च्या जिनिव्हा कराराच्या नमुन्याचा असल्यामुळे सर्वत्र चालेलच असे नाही, आणि मूळ परवान्यात गिअरच्या दुचाकीची नोंद नसेल तर तो व्यर्थ आहे.

खुद्द जालन्यातून निघण्यातही एक गंमत आहे. जिल्ह्यातून जाणारा समृद्धी महामार्ग नागपूरकडे जाण्यास सर्वांत वेगवान, पण त्यावर दुचाकींना मज्जाव. तेव्हा काठमांडूला जाणाऱ्यालाही देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, मेहकर या जुन्याच वाटेने नागपूर गाठून जबलपूर, प्रयागराज, गोरखपूर असे जावे लागते. पुढे पोखऱ्याहून मुक्तिनाथ, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,७०० मीटर उंचीवर; तेथे श्वास माणसाचाही अपुरा पडतो आणि कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या बुलेटचाही. याच टप्प्यावर एखादे इंजिन कायमचे मौन धरते. त्याला तेथे सोडून परत फिरता येत नाही, कारण भन्सारच्या कागदावर त्याच्या परतीची अट आहे; ते टेंपोत घालून सरहद्दीपर्यंत आणावे लागते, त्याला दोन-चार दिवस लागतात, आणि तोवर त्याच्या मालकाबरोबर कोणी मागे राहायचे, कोणाची रजा संपलेली नाही, खर्च कोणी कसा वाटून घ्यायचा, हे जालन्यात असतानाच ठरविलेल्या गटात बहुधा भांडण होत नाही.